चिमणीचं लग्न आणि माझी कनात

तीर्थस्वरूप अक्का,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (आठांपैकी दोन अंगं, म्हणजे दोन्ही गुडघे, सध्या टेकत नाहीत. तेवढी सूट दे.) मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं कळलं, जीव भांड्यात पडला. डोळ्यांना ताण देऊ नका असं सांगितलं असेल, तरी हे पत्र तू स्वतःच वाच, शेजारणीकडून वाचून घेऊ नकोस. फोन का नाही केला म्हणशील, तर फोनवर आपलं बोलणं कसं होतं ते आठव. मी 'अक्का' म्हणतो, आणि त्यानंतर माझी पाळी येते ती थेट 'बरं, ठेवतो' म्हणायला. पत्रात तुला मध्ये बोलता येत नाही. या सोयीचा मी आज पुरेपूर फायदा घेणार आहे.

तर बातमी अशी, की आमच्या चिमणीचं लग्न ठरलं. डॉक्टरणीशी. (गुरांची डॉक्टर. मागच्या खेपेला तू आलीस तेव्हा ती जेवायला आली होती आणि चिमणीनं 'माझी मैत्रीण' अशी ओळख करून दिली होती. निघताना दारात तू माझ्या कानाशी म्हणालीस, "मैत्रीण म्हणे! मला मोतीबिंदू झालाय, पण इतकाही नाही." मी त्यावर पुष्कळ दिवस विचार केला. शेवटी चिमणीनंच फोड करून सांगितलं.) मुलगी गुणी आहे. कमी बोलते, आणि गाईच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून आली तरी जेवायला बसताना नखं लखलखीत असतात. तुझ्या भावजयीला याहून जास्त काही बघायचंच नव्हतं.

लग्न हॉलमध्ये नाही. डॉक्टरणीच्या दवाखान्यामागे मोकळं मैदान आहे, तिथं, उघड्यावर, आणि सगळं घरच्यांनी आपल्या हातांनी करायचं. आमचं लग्न आमच्यासारखं दिसलं पाहिजे, दुकानातून आणल्यासारखं नको, असं चिमणीचं म्हणणं. आता माझा जन्म गेला सुतारकामात. 'आपल्या हातांनी' हे शब्द कानावर पडले की माझा हात आपोआप कानामागची पेन्सिल शोधतो. बाकं मी करणार असं मी तिथल्या तिथं जाहीर केलं. छत आलं तुझ्या भावजयीकडे, कारण तिच्या लाँड्रीत लोकांनी धुवायला टाकून विसरलेल्या चादरींचा ढीग पडलाय. त्या जोडून तिनं एवढं थोरलं छत शिवलं. पहिल्यांदा ते ताणून बघितलं त्या दिवशी रस्त्यानं जाणारे एक गृहस्थ थांबले आणि मान वर करून बघत राहिले. आम्हाला वाटलं, कौतुक चाललंय. ते म्हणाले, "ती निळ्या फुलांची माझी." तुझ्या भावजयीनं त्यांना लग्नाचं आमंत्रण देऊन प्रकरण मिटवलं. (आता ते भेटेल त्याला सांगतात, की छताला आपला हातभार आहे.)

दुसरा घोळ झाला पक्षांचा. नवऱ्या दोघी. मग वरपक्ष कोणता? नवरीचा बाप म्हणून मी हात जोडून उभं राहायचं, की मलाही कुणी हात जोडणार? आणि डॉक्टरणीला मी म्हणायचं काय, सून की जावई? तुझी भावजय म्हणाली, तुम्ही आधी बाकांचे पाय सारखे करा. मग मी डॉक्टरणीलाच विचारलं. ती एका शेळीचे दात तपासत होती. मान न वळवता म्हणाली, "काका, तुम्ही काहीही हाक मारा, मी येईन." यावर माणसानं काय वाद घालायचा?

आता खरी भानगड. मैदानाच्या एका अंगाला मोठा रस्ता आहे. बस, सायकली, शाळा सुटली की पोरांचे लोंढे, बाजाराला निघालेल्या बायका, सगळी रहदारी तिथूनच. बाकं झाल्यावर, कुणी सांगितलेलं नसताना, मी त्या कडेनं खांब रोवले, पुरुषभर उंचीची चौकट उभी केली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत जाड कापड ठोकून कनात उभारली. दोघी संध्याकाळी आल्या. चिमणीनं विचारलं, हे काय? मी म्हटलं, वाऱ्यासाठी. डॉक्टरीण अगदी हळू, मला लागू नये अशा बेतानं म्हणाली, "काका, वारा तिकडून येत नाही. गोठ्याकडून येतो." (खरं आहे. नाक रोज सांगतं.) कनातीवरून चिमणीनं एकदा तळहात फिरवला, लहानपणी मी रंधा मारलेल्या फळीवरून फिरवायची तसा, आणि म्हणाली, "काम छान झालंय, बाबा." आणि निघून गेली. अक्का, दोन शिव्या हासडल्या असत्या तर परवडलं असतं.

त्यानंतर ती माझ्याशी तोलूनमापून बोलायला लागली. मीठ द्या. दिवा घालवा. मी काही म्हणायला गेलो की तिला नेमकं कुठंतरी जायचं असायचं. तेव्हा मी ठरवलं, की जिथून तिला उठून जाता येणार नाही अशा जागी तिला गाठायचं. तुला माहीतच आहे, चिमणी बस चालवते. सकाळच्या फेरीला मी चढलो आणि तिच्या पाठीमागच्या जागेवर बसलो. माझ्या नाकासमोर पाटी: 'चालकाशी बोलू नये'. मी आयुष्यात पाटी मोडलेली नाही ('ओला रंग, हात लावू नये' सोडून, सुतार असल्यामुळे तो माझा हक्क समजतो). पण त्या दिवशी मोडली. माझ्या मते मी कुजबुजत होतो. पण इंजिनाच्या वर आवाज काढावा लागत होता, तो चढत चढत गेला, आणि नेमक्या त्याच क्षणी बस थांब्यावर थांबली, इंजिन गप्प झालं, आणि माझं वाक्य अख्ख्या बसनं ऐकलं: "अगं, तुझी लाज नाही वाटत मला! रस्त्यावरून कुणी हसलं आणि ते तू बघितलंस, तर मी काय करायचं, तेच मला सुचत नाही!"

कुणी उतरेना, कुणी चढेना. चिमणीनं वरच्या आरशातून माझ्याकडे बघितलं. "बाबा," ती म्हणाली, "या रस्त्यानं मी रोज बस नेते. ज्यांना हसायचं होतं, त्यांचं हसून झालंय. बाकीच्यांना कामावर जायला उशीर होत असतो." तेवढ्यात मागून भाजीची पिशवी घेतलेल्या एक आजीबाई ओरडल्या, "ते राहू दे, लग्न कधी आहे?" आणि कुणीतरी म्हणालं, कनात लावणार असाल तर आम्हाला दिसणार कसं? चिमणीनं बाहीनं डोळे पुसले, नाक ओढलं, आणि साऱ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तिकीट काढलंत का, बाबा?" नव्हतं काढलं. एवढ्या लोकांसमोर काढलं.

त्याच दुपारी मी कनात उतरवली. कापड तुझ्या भावजयीनं टेबलांवर अंथरायला घेतलं. खांबांची आणि चौकटीची मी आणखी बाकं केली आणि ती रस्त्याच्या कडेला मांडली, मैदानाकडे तोंड करून. ज्यांना बघायचंय, त्यांनी निदान बसून बघावं. संध्याकाळी चिमणी आली, एका बाकावर टेकली आणि म्हणाली, हे डुगडुगतंय. (डुगडुगत नव्हतं. जमीन उतरती आहे.) मी शेजारी बसून तिच्या बाजूचं तपासलं, तिनं माझ्या बाजूचं. मग दोघं तशीच बसून राहिलो. येणाऱ्या-जाणाऱ्या दोघा-तिघांनी हात केला, आम्हीही केला.

एक गोष्ट मात्र राहिली. डॉक्टरणीच्या घरून कुणी येणार नाहीये. तिनं आम्हाला सांगितलंही नसतं. पण मोठी चादर एकट्यानं घडी करता येत नाही. लाँड्रीत ती आणि तुझी भावजय दोन बाजू धरून घड्या घालत होत्या, आणि टोकाला टोक जुळवायला दोघी जवळ आल्या तेव्हा ती म्हणाली, "काकू, माझ्या बाजूची बाकं कमी केलीत तरी चालेल." तिच्या भावाचा फोन आला होता, एवढंच पुढं म्हणाली. तुझ्या भावजयीनं झालेली घडी झटकून उलगडली आणि म्हणाली, नीट बसली नाही, परत घालू. त्या एकाच चादरीची घडी दोघींनी कितीदा घातली, कुणास ठाऊक. मी दारात रिकामी टोपली घेऊन उभा होतो. आत गेलो नाही.

बाकं मी कमी केलेली नाहीत.

लग्न पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी, ऊन कललं की. औषधाचे थेंब वेळेवर घाल, जिना जपून उतर. बाकी सगळं ठीक.

तुझा,
धाकटा

ता. क. अक्का, आजवर तू गेलीस आणि रुसली नाहीस असं एकही लग्न मला आठवत नाही. माझ्या लग्नात तर माझीच सख्खी बहीण असून, पाणी उशिरा विचारलं म्हणून तू जेवायची थांबलीस आणि माझे सासरे घामाघूम झाले. ही विद्या सगळ्यांना येत नाही. म्हणून मागणं असं, की या लग्नाला आमच्या बाजूनं येऊ नकोस. तिच्या बाजूनं ये. पहिल्या बाकावर बस. बाक टणक आहे म्हण, सरबत पांचट आहे म्हण, आमच्या पोरीला हे असं कुठं आणून टाकलंत म्हण. मी हात जोडून उभा राहतो. त्या पोरीसाठी रुसणारं कुणीतरी हवं गं.

पुन्हा ता. क. विचार करून कळव असं लिहिणार होतो, पण तू हो म्हणालीस असं मी तिला कालच सांगून बसलोय. तिनं विचारलं, त्यांना काय आवडतं? मी म्हटलं, भांडायला. ती 'बरं' म्हणाली, आणि अंगणात जाऊन आमच्या कुत्र्याचे कान तपासत बसली. पुष्कळ वेळ, आमच्याकडे पाठ करून. कुत्र्याच्या कानांना काहीही झालेलं नाही.