खालची कवळी

सोमवार, दुपार

चि. ठमीस,

तुझ्या बाबाचे आशीर्वाद. बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. घरी सुखरूप पोचलो, कुलूप उघडलं, दूध तापवलं. मांजरीनं तुझ्या आईला सगळ्या खोल्यांत शोधलं, मग माझ्याकडे पाहून तोंड फिरवलं. इकडच्या बातम्या संपल्या.

फोन न करता लिहितोय, कारण तुझा फोन सध्या आईच उचलते आणि लगेच स्पीकर चालू करते.

ऑपरेशन छान केलंस. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढं मला कुरकुर करायला मोकळीक. ती प्लास्टिकची टोपी घालून मी कोपऱ्यात उभा होतो, तेव्हा सगळं नीट पाहिलं. आईच्या हातातून रक्त काढून तू नळ्या लगेच मशीनमध्ये घातल्यास. फिरून बाहेर आल्या तेव्हा खाली लाल, वर पिवळसर पाणी आणि मधे सायीसारखा गोळा. तो दाबून तू पातळ पापुद्रे केलेस. जबड्यात चार स्क्रू बसवलेस, त्यांच्यावर ते पापुद्रे पांघरलेस आणि टाके घातलेस. "बाहेरचं काही नाही, बाबा. आईच्याच रक्तातलं आहे. जखम भरायला मदत होते," असं मला शाळेतल्या पोराला समजवावं तसं समजावलंस. तुझा हात एकदाही थरथरला नाही.

मी निघालो तेव्हा तुझी आई तिच्या बहिणीला फोनवर सांगत होती, "अगं, लेकीनं माझ्याच रक्ताचं मलम केलं!" नुकतीच जखम झालेल्या बाईनं इतकं बोलू नये, हे डॉक्टर म्हणून तू तिला सांगायला हवं होतंस. खालचे दात गेल्यावर हीच बाई तोंडावर हात धरून बोलायची. मी केलेली कवळी बसली आणि चारचौघांत खळखळून हसायला लागली. ते मात्र बहिणीला कधी फोन करून सांगितल्याचं मला आठवत नाही.

टाके निघाल्यावर घालायला म्हणून जुनी कवळी खालून पोखरून मागितलीस, हिरडीवर दाब येऊ नये म्हणून. दिली पोखरून. माझ्या हातून झालेली सगळ्यात चांगली वस्तू ती, आणि मीच तिच्यावर मशीन चालवलं. आत तू तुझं मऊ अस्तर भरलंस.

आता तुझ्या मुख्य मागणीबद्दल. हाडानं स्क्रू धरले की त्यावरची दातांची पट्टी बाबांनीच करायची, असं तू जाहीर करून टाकलंस. ते होणार नाही. तुझ्याकडे मोठ्या लॅब आहेत, तिथं संगणक दात कापतो. माझी नजर कमी झालीय, हात जड झालाय. अजून कारणं लागली तर कळव, पाठवतो.

आईला पथ्य पाळायला सांग.

तुझा,
बाबा


रविवार

चि. ठमीस,

आई आली. टाके काढलेली जागा मला आरशासमोर उभं राहून दाखवली. हिरडी सुरेख भरलीय, रंगही चांगला आहे. मी "बरंय" म्हणालो. तिला ते पुरलं नाही, म्हणून मग तिनं स्वतःच तुझं कौतुक केलं, भाजी चिरून होईपर्यंत.

मी नाही म्हटलं तरी तू म्हणतेस, वेळ आली की जबड्याचं माप पाठवणारच. हट्टीपणा कुणाकडून आलाय ते मला माहीत आहे, त्यामुळे ओरडता येत नाही.

खरं ते लिहितो. मी जळतोय. पोटच्या पोरीवर, या वयात. तुझ्या हातावर जळत नाही गं. तो हात पाहून तर छाती फुगली होती, बसमध्ये शेजारच्या माणसाला सगळं ऑपरेशन ऐकवलं, तो पुढच्या थांब्यावर उतरून गेला.

काल सकाळी तुझं अस्तर भरलेली कवळी घालून आईनं चहाबरोबर पाव खाल्ला, कडेसकट. आजवर ती कड ताटलीत काढून ठेवायची आणि मी ती उचलून खायचो. मला वाटायचं, तिला आवडत नाही. काल मी सवयीनं हात पुढं केला, तर ताटली रिकामी.

ऑपरेशनच्या दिवशी, तू मला टोपी घालून यायला सांगितलंस, तेव्हा मी दाराबाहेर टोपीची नाडी बांधत होतो. तू आईला विचारलंस, "ही कवळी टोचते कधीपासून?" ती म्हणाली, "पहिल्या दिवसापासून. बाबांना बोलू नकोस हं." मी आत आलो आणि तुम्ही दोघींनी माझ्या टोपीला हसून घेतलं.

ठमे, माझं सगळं आयुष्य एका प्रश्नावर गेलं. कवळी बसवायची, रंगीत कागद चाववायचा, उंचवटे घासायचे आणि विचारायचं, "टोचतंय का?" लोक भिडेपोटी "नाही" म्हणतात. मी कुणाचाच "नाही" खरा धरला नाही. बोट फिरवून पाहायचो, डोळ्यांकडे पाहायचो, आठवड्यानं परत बोलवायचो. फक्त हिचा "नाही" पहिल्याच फटक्यात खरा मानला. मला तो हवा होता.

आणि खरं काय ते तिनं तुला सांगितलं. माझ्यासमोर हसली, तुझ्यासमोर विव्हळली. त्या पापुद्र्यांचं, स्क्रूंचं मला काही नाही. पण ते विव्हळणं माझं होतं. ते तू घेऊन गेलीस, हे मला सोसत नाही.

मी तिला अजून काही विचारलेलं नाही. तूही सांगू नकोस.

बाबा


गुरुवार

चि. ठमीस,

चार महिने झाले, हाडानं स्क्रू धरले असं तू कळवलंस, म्हणून आई तुझ्याकडे निघालीय. तिच्या पिशवीत, स्वेटरच्या घडीत एक डबी आहे. तुझ्या साच्यावर केलेली दातांची पट्टी तिच्यात आहे. नजर, हात वगैरेंबद्दल मी जे लिहिलं होतं ते विसर.

तू काम पाहशीलच. जोडावर कुठं फट दिसली तर मला शिव्या दे. पण समोरचा, डावीकडचा एक दात थोडा वळून शेजारच्यावर चढलाय, तो सरळ करायला जाऊ नकोस. ती चूक नाही. तुझ्या आईचा दात तसाच होता. तू पाहिलेला नाहीस, तुझ्या आठवणीच्या आधीच तो गेला. जुनी कवळी करताना ती म्हणाली होती, "माझा तो वाकडा राहू दे ना." मी म्हणालो होतो, आयती संधी आलीय, तर चांगले सरळ दात लावून घे. ओळीनं मोत्यासारखे दात लावले आणि स्वतःवरच खूश झालो.

या वेळी मेणात तो दात मी कितीतरी वेळा काढला आणि परत लावला. फोटोत तो दिसत नाही, फोटोत ती तोंड मिटून आहे. डोळे मिटले की मला दिसतो. एवढं एक माझ्यापाशी आहे, जे तुझ्यापाशी नाही. ते लिहिताना मला आनंद होतोय, आणि त्याची लाजही वाटत नाही.

तिला मी काही दाखवलेलं नाही. तू पट्टी बसव, स्क्रू आवळ, कागद चावायला दे, मग आरसा हातात दे. आणि तिचं पाहून झालं की विचार, टोचतंय का.

मी मुद्दामच आलो नाही. मी खोलीत असलो की ती "नाही" म्हणते. जे सांगेल ते मला लिही. हसली तर हसली म्हण, दुखलं तर कुठं ते खूण करून पाठव. मी घासून देईन. परत दुखलं तर परत देईन. माझी दया येऊन काही गाळू नकोस, एका घरात तेवढं करणारी एक बाई पुरे.

पत्राची वाट पाहत,
तुझ्या आईचा कवळीवाला