तंद्रीचं बटण

१२ जानेवारी

ति. मावशीस,
सा. न. वि. वि.

आधी तुझ्या गुडघ्याची खुशाली कळव. आई रोज विचारते. माझं मात्र नाचणंच बिघडलंय. मानसशास्त्राची एक अभ्यासक आमच्या वर्गात येते. नाचताना देहभान कशानं हरपतं, हे तिला शोधायचंय. तिनं माझ्या कमरेला एक बटण बांधलंय. तंद्री लागली की दाबायचं. मी मोठ्या हौसेनं हो म्हणून बसले. आता नाचताना सारखं स्वतःलाच विचारते, लागली का, लागली का? तोवर ताल पुढे आणि मी मागे.

रविवारी गुरूंसमोर त्यांचीच जुनी रचना एकटीनं करायची आहे. जमली तर ती माझ्या स्वाधीन, नाहीतर दुसऱ्या मुलीच्या, असं त्यांनी स्पष्ट सांगितलंय. मला भीती वाटते गं. तू त्यांच्यासाठी इतकी वर्षं गायलीस. त्यांचं भान कसं हरपायचं?

उत्तराची वाट बघतेय. माया पातळ करू नकोस.
तुझी भिंगरी

१५ जानेवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

गुडघा कुरकुरतो, पण माझ्याइतका नाही. झोप लागली की हाक मार, असं कुणी सांगितलं म्हणून रात्रभर जागं राहावं, तशी तुझी गत झाली! त्या मुलीवर रागावू नकोस. प्रश्न चांगला आहे तिचा.

तुझे गुरू रियाजात पाय इतके घोटायचे, की रंगमंचावर पायांची चौकशी करावी लागत नसे. मग ते नुसतं माझं गाणं ऐकत. मी श्वास कुठे घेणार, ते त्यांना माझ्याआधी कळे. मला फार कौतुक वाटायचं. तुझे पायही तसेच तयार आहेत, मी पाहिलेत. त्यांना सोड आणि गाणाऱ्याला धर.

लोभ आहेच, तो मागावा लागत नाही.
मावशी

१९ जानेवारी

ति. मावशीस,
सा. न. वि. वि.

काल गाणाऱ्या दादाचा घसा बसला होता. दुसऱ्याच ओळीला आवाज फाटला. बिचाऱ्याला सावरायला हवं, एवढंच माझ्या मनात आलं. ती ओळ मी पुन्हा घेतली, तो श्वास घेईल तिथं थांबले, आणि त्यापुढचं काही आठवतच नाही. थांबले तेव्हा गुरू डोळे पुसत होते. रचना माझी झाली, मावशी!

अभ्यासक मात्र हिरमुसली. बटण एकदाही दाबलेलं नव्हतं. आज तंद्री लागलीच नाही का, असं तिनं विचारलं. तेव्हा गुरू हसत म्हणाले, की कमरेला बटण आहे हे हिला आठवलं असतं, तर रचना दुसरीला मिळाली असती.

गुडघ्याला जप. लोभ असू दे, आणि रागावायचं काही राहिलं असेल तर तेही येऊ दे.
तुझी भिंगरी