कोऱ्या कापडाची गोधडी

उत्रोली, ता. भोर
९ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. नूतन हिला आत्याचा पोटभर आशीर्वाद.

आम्ही इकडे बरे आहोत. तुझ्या मामांचा गुडघा थंडीत कुरकुरतो आणि मामा बारा महिने कुरकुरतात, तेव्हा त्यात नवीन काही नाही. भात झोडून, भरून झालं. इंद्रायणी यंदा बरी उतरली, थोडे तांदूळ तुझ्यासाठी बाजूला ठेवलेत. म्हैस आटली आहे. तुझं कसं चाललंय? पाय सुजतात का? सातव्यात सुजतातच, पण फार सुजले तर अंगावर काढू नकोस, दवाखान्यात दाखव. माऊलीरावांना म्हणावं, तुला बसवलं की टेम्पो सावकाश हाका, रस्त्यात खड्डे फार आहेत. तुझ्या सासूबाई बाळाबाईंना माझा नमस्कार सांग.

तू म्हणशील, घरात मोबाईल असताना आत्याला पत्र लिहायचं कुठून सुचलं. अगं, फोनवर मला बोलताच येत नाही. जेवलीस का, थंडी आहे का, एवढं झालं की पुढचं सुचत नाही. शेजारी मामा बसून ‘काय म्हनती, काय म्हनती’ करतात ते वेगळंच. आणि फोन तुझ्या सासूबाईंनी उचलला तर मी कोण बोलतेय म्हणून सांगायचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मागच्या खेपेला ‘उत्रोलीवरनं बोलतीया’ म्हटलं आणि घाईनं तुला बोलवायला लावलं.

तर कारण असं की तुझ्या बाळासाठी मी गोधडी शिवायला घेतली. पहिल्या बाळाची गोधडी आईकडून जाते. तुझी आई तू परकरात असताना गेली, माहेरच्या घराला कुलूप आहे, हे मला ठाऊक आहे. म्हणून तुला न विचारताच घेतली. आणि हसू नकोस, तिच्यासाठी कापड विकत आणलं. लुगडी विरली, धोतरं फाटली की त्यांची गोधडी, असंच आपण करत आलो. गोधडीला दुकानातलं कोरं कापड आणणारी गावात मी पहिलीच असेन. शेजारची आपली साळूबाई मला म्हणाली, “चंद्रे, डोस्कं फिरलं का तुजं? पेटीभर जुनेर पडलंय की घरात.” मी म्हटलं, माझी हौस. तिला काही ते पटलं नाही, पण बाजाराला बरोबर आली.

भोरच्या बाजारपेठेत ते खुर्शिदाबाईंचं दुकान आहे ना, तू ब्लाऊजपीस घ्यायचीस तिथलं, तिथं गेलो. पांढऱ्यावर पिवळी फुलं असलेलं कापड घेतलं आणि अस्तराला पोपटी. खुर्शिदाबाई म्हणाल्या, “मावशी, गिरनीचा दुय्यम माल हाय, नीट उलगडून बघा.” मी म्हटलं बघितलं. कुठलं बघितलं? मी भाव पाडण्यात इतकी रंगले होते की त्यांनी गोणपाट दिलं असतं तरी घडी घालून घेऊन आले असते.

कोरं कापड आधी भिजवावं लागतं, नाहीतर गोधडी पहिल्याच धुण्यात आक्रसते. घातलं मिठाच्या पाण्यात. खळ निघाली आणि त्या कापडाचं खरं रूप बाहेर आलं. वलणीवर टाकलं तर मागून ऊन आलं आणि अंगणात उन्हाचे ठिपके पडले. ठिकठिकाणी आडवं सूतच नव्हतं. मधोमध एक भोक असं, की त्यातून मला साळूबाईचा डोळा दिसला. एका काठाला फुलावर फूल छापलेलं. माझा संताप झाला. ओलं कापड तसंच पिशवीत कोंबलं, साळूबाईला ओढलं आणि भोर गाठलं.

वाटेत मी काय काय बोलायचं ते घोकत होते. पण खुर्शिदाबाईंनी भांडूच दिलं नाही. कापड उजेडात धरून बघितलं आणि म्हणाल्या, “मावशी, मी सांगितलं व्हतं तुमाला. पन खळीखाली मलाबी एवढं दिसलं न्हाई. ऱ्हाऊ द्या ह्ये, दुसरं देती.” दुसरा तागा काढून पसरला. मग सहज विचारलं, “कुनासाटी शिवताय?” मी म्हटलं, बाळासाठी.

“आवो, तान्या बाळाला कोरं कापड? टोचंल की अंगाला. आमच्यातबी पयल्यांदा जुन्याचंच घालत्यात. घरात जुनं कायच न्हाई व्हय?”

आता बघ, किती साधा प्रश्न. आणि भांडायला गेलेली मी, मला रडू कोसळलं. दुकानात, गिऱ्हाइकांच्या देखत. साळूबाईला वाटलं उन्हाची चक्कर आली. खुर्शिदाबाईंनी स्टूल दिलं, पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. त्यांना मी काही सांगितलं नाही. दुसरं कापडही घेतलं नाही. तेच भोकांचं पिशवीत घातलं आणि घरी आले.

पेटीत काय आहे ते तुला माहीत आहे. तूच घड्या घालून ठेवलंस सगळं. माझी लुगडी आहेत आणि आपल्या धनाजीचे शर्ट आहेत. तो गेल्यापासून ते तिथंच आहेत, एकावर एक. मेलेल्या माणसाच्या घरचं जुनेर दुसऱ्या घरच्या बाळाला देऊ नये म्हणतात. एरवी लोक काय म्हणतात ते मी किती मनावर घेते हे तू बघितलं आहेस. तुझं दुसरं लग्न मीच पुढं होऊन लावलं तेव्हा भावकी बोलत होती आणि मी पोळ्या लाटत होते. पण पाण्याच्या मोटारीचा शॉक लागून माझा पोरगा बांधावर पडला, त्या दिवसापासून मी भित्री झाले. तुझ्या बाळाच्या बाबतीत तर फारच. म्हणून मला ह्या घरातलं काही नको होतं. कुणाचंच नसलेलं, कुणी न नेसलेलं, न घातलेलं कापड हवं होतं. ते आणलं आणि ते असं निघालं.

तरी नेटानं बसले. पडवीत थर अंथरले, साळूबाईनं कोपरे धरले, कडेकडेनं दोरा घालत आत निघालो. भोकांना त्याच कापडाची ठिगळं लावून बघितली, पण ते कापडच कच्चं, सुईच्या टोकानं भोक आणखी पसरायचं. ठिगळाला मुरलेलं, मऊ कापड लागतं. मग माझ्या लुगड्याचे तुकडे लावले. मनाला समजावलं, मी तर अजून जिवंत आहे. बघता बघता गोधडी झाली की गं. मधल्या मोठ्या भोकाला निळं ठिगळ बसलं. साळूबाईनं पेटीतून काहीतरी काढलं आणि

नाही. तिचं नाव कशाला घेऊ. ती त्या दिवशी लेकीकडे गेली होती. मी एकटीच होते. पेटी मी उघडली. तो आकाशी शर्ट मी काढला, ज्याची कॉलर तू उलटी करून शिवली होतीस. पाठीचा तुकडा कापला, कारण तिथंच तो घामानं आणि धुण्यानं सगळ्यात मऊ झालेला. नाकाला लावून बघितला. डांबरगोळ्यांचाच वास आला, दुसरा कसलाही नाही. कोऱ्या कापडात सुई अडत होती, ती ह्यात सरसर गेली. त्याच्यावर टाके घालताना मला बरं वाटलं, नूतन. तो गेल्यापासून पहिल्यांदा इतकं बरं वाटलं. हे तुला लिहायची लाज वाटते, पण वाटलं खरं.

आता शिवून झाल्यावर रोज उलगडून बघते आणि परत घडी घालते. टाके आरपार गेलेत. ठिगळ उसवलं तर भोक आधीपेक्षा मोठं होणार. मामांना दाखवलं. त्यांनी त्या निळ्यावर नुसता हात ठेवला आणि गोठ्यात निघून गेले.

एवढं लिहिलंच आहे तर हेही लिहिते. तू लग्न होऊन गेल्यावर इकडे आली नाहीस, त्याचा मला राग नाही. येशील तरी कोण म्हणून? सून म्हणून येता येत नाही. आणि मी तुझ्या दारात कोण म्हणून उभी राहू? डोहाळजेवणाला तू बोलावलंस आणि मी म्हशीचं निमित्त सांगितलं. आटलेल्या म्हशीला माझी कसली गरज! हिरवी साडीसुद्धा आणून ठेवली होती तुझ्यासाठी. पण लोक विचारतील ही बाई कोण, आणि तुला सगळ्यांसमोर उत्तर शोधावं लागेल, ह्या विचारानं पाय निघाला नाही. लेक गेला तेव्हा लोकांनी येऊन माझे डोळे पुसले. लग्न लावून तुला टेम्पोत बसवून दिलं तेव्हा सगळ्यांनी माझं कौतुकच केलं. त्यामुळे त्या दिवशी रडायची सोयच राहिली नाही.

म्हणून तुला विचारते. ही गोधडी अशीच, ठिगळासकट, पाठवू का? मनात शंका असेल तर सरळ ‘नको’ लिही. मी खुर्शिदाबाईंकडून चांगलं कापड आणीन, धुऊन धुऊन मऊ करीन आणि दुसरी शिवीन. मला वाईट वाटेल, पण त्याची काळजी तू करू नकोस. माऊलीरावांना विचारल्याशिवाय ‘हो’ म्हणू नकोस. आणि कुणापासून लपवू तर मुळीच नकोस. बाळाच्या अंगाखाली लपवलेलं काही नको.

सासू म्हणून मला आत्या म्हणायचीस, आता तसं म्हणायचं की नाही, ते तू ठरव. मी आपली

तुझी,
चंद्राबाई


वेल्हे
१७ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यांना नूतनचा साष्टांग नमस्कार. मामांनाही.

आत्याच म्हणते. दुसरं काही तोंडात येत नाही आणि यायला नको.

मी अंगणवाडीतून घरी आल्या आल्या पत्र मिळालं. उंबऱ्यातच उभ्यानं वाचलं. माझी तब्येत चांगली आहे, पाय सुजतात, डॉक्टर म्हणाले काळजीचं काही नाही.

तुम्ही सांगितलंत तसं यांना विचारलं. हे टेम्पो धुवत होते. मी सगळं पत्र वाचून दाखवलं. यांनी नळ बंद केला आणि म्हणाले, “ठिगळाचं परत वाच.” परत वाचलं. मग यांनी धनाजी कसे होते ते विचारलं. आमच्या लग्नाला इतके दिवस झाले, पण हे नाव यांनी कधी काढलं नव्हतं. मीही नाही. मी सांगितलं, शीळ घालत भात लावायचे, वरण कधी आवडलं नाही, शर्टाची कॉलर फाटली तरी नवा घेऊ द्यायचे नाहीत. हे हसले. आत्या, मलाही बरं वाटलं. तुम्हाला लाज वाटली ना, तशी मलाही वाटली.

सासूबाईंना मी सांगितलं नसतं, पण तुम्ही लपवू नको म्हणालात. त्या ऐकूनच उठल्या. “मेलेल्या मानसाचा कपडा लेकराच्या अंगाखाली? आमच्या घरात त्ये चालायचं न्हाई. न्हाई म्हंजी न्हाई.” तुम्ही त्यांना वाईट समजू नका. रोज माझ्या पायांना तेल चोळतात, नको म्हटलं तरी ऐकत नाहीत. तुमच्यासारख्याच त्याही भितात. घर त्यांचं आहे, मी वाद घातला नाही.

तेव्हा आत्या, गोधडी इकडे पाठवू नका.

पण ठिगळ उसवू नका. दुसरीही शिवू नका. आहे तशी ऊन दाखवून तिथंच ठेवा. पहिलं बाळंतपण माहेरी होतं. सासूबाईंनी विचारलं कुठल्या माहेरी, तर मी म्हटलं, उत्रोलीला. त्या म्हणाल्या, “आगं, खुळी का काय, त्ये तुजं सासर व्हतं.”

हे ताटावरून म्हणाले, “व्हतं. आता सासर हितं हाय. मग त्ये काय ऱ्हायलं, तूच सांग आई.”

सासूबाईंनी यांना आणखी भात वाढला, मला वाढला, झाकापाक केली. मग म्हणाल्या, “सवा म्हैना ऱ्हाऊ दे तितं. पन बारशाला म्या येनार, आन गोधडी तितंच ठिवून यायची.” मी कबूल केलं. पुढे कधी बाळाला घेऊन माहेरी येईन तेव्हा ती तिथं असेलच.

कपड्यांची पिशवी भरून ठेवली आहे. टेम्पो आहे, हे मला सोडायला तयार आहेत, हळू चालवतील. पण मी नाही म्हटलं. मुलीला बाळंतपणाला न्यायला माहेरचं माणूस यावं लागतं.

कधी येताय न्यायला?

तुमची,
उत्रोलीची माहेरवाशीण
नूतन