लालीची डावी गिरकी

३ जानेवारी, अकोला

लालीचे दोन तुकडे झाले! शाळेच्या गॅदरिंगमध्ये, भर स्टेजवर, सातशे पोरांसमोर! तिसऱ्या कडव्याला पिंकी मुंडकं घेऊन उजवीकडे वळली, मी ढुंगण घेऊन डावीकडे. मधली चेन टर्रकन फाटली. गुलाबी म्हशीचा पुढचा भाग नाचतोय आणि मागचा शेपूट हलवत विंगेत चाललाय! पोरं बाकांवर चढून हसत होती. संत्र्याच्या सोंगातला संत्रोबा आणि डासाच्या सोंगातला डासरावही आपापल्या मुखवट्यात हसत होते, खांदे हलताना दिसले म्हणे. मी वाकलेलाच राहिलो. म्हशीतल्या मागच्यानं पोरांसमोर उभं राहायचं नाही, तोंड दाखवायचं नाही, हा आमचा नियम. बरंच झालं. मी रडत होतो.

४ जानेवारी

चूक माझीच. मागच्याला आत काही दिसत नाही. पुढच्याच्या कमरेचा पट्टा धरायचा आणि टाचेचे ठोके ऐकत चालायचं. बारा वर्षं तो पट्टा मायाच्या कमरेला होता. बायको पुढे, मी मागे. तिसऱ्या कडव्याला उजवी गिरकी बसवलेली आहे. आधी माया बरोबर वळायची, मग मध्येच कुठून खोड लागली कोण जाणे, दर खेपेला डावीकडेच! सूर्यभानभाऊ कपाळावर हात मारून घ्यायचे. कार्यक्रम त्यांचा, पोशाख त्यांचे. मी तर सगळ्यांदेखत टर उडवायचो — "अवं, तुले डावं-उजवं कवा समजन?" ती हसायची — "म्हशीले काय डावं न काय उजवं!"

सप्टेंबरात ताप आला आणि नवव्या दिवशी गेली. मुंडक्यात आता पिंकी असते, पाय मात्र अजून मायाच्याच मागे वळतात.

६ जानेवारी

सूर्यभानभाऊंचा फोन. "सुगत, चेन शिवून घेतली. पण पंचवीस तारखेच्या चिखलदऱ्याच्या पोग्रामपर्यंत गिरकी बसव बाबू. पेनड्राइव्हवर चालून राहिलं आता सारं, ते गाणं कोणासाठी थांबत नाही. नाही जमलं तं मागची बाजू त्या तरण्या अमोलले देतो. राग नको मानू."

मानला! का नाही मानायचा?

लालीच्या मुंडक्यात आतून मायाच्या टिकल्या आहेत. घामानं पडतात म्हणून शोच्या आधी काढून तिथं चिकटवायची आणि तिथंच विसरायची. पिंकीनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "काकाजी, काढू का?" नको म्हटलं. साड्या तिच्या बहिणी घेऊन गेल्या, घर धुऊन पुसून झालं. ती अजून आहे अशी ती एकच जागा. लालीत माझ्या जागी अमोल शिरला, की मी कुठल्या तोंडानं म्हशीजवळ जाऊ?

९ जानेवारी

खाट उभी करून खोलीत जागा केली. वाकून पन्नास वेळा उजवीकडे वळलो. शेजारच्या पोरीनं खिडकीतून पाहिलं आणि पळाली.

११ जानेवारी

गुडघा सुजला. थंडी आहे.

१४ जानेवारी

तालमीत पडलो. पिंकीलाही पाडलं. ती म्हणाली, "काकाजी, तुमचा पाय —" आणि मी खेकसलो, "पायाले काही नाही झालं!" मोर्शी रोडवरच्या अपघाताला आता नऊ वर्षं होतील. उजव्या गुडघ्यात सळई आहे, पण ठणठणीत आहे. तेव्हापासून हेच सांगत आलोय सगळ्यांना, मायालाही.

पोरीचे डोळे भरले. तिचा दोष एवढाच, की ती माया नाही.

१६ जानेवारी

आज मायाचा राग आला. स्वतः चुकीचं वळत राहिली आणि मलाही तीच सवय लावून गेली! लिहिलं आणि लगेच लाज वाटली. पण खोडत नाही.

१८ जानेवारी, मोर्शी

पुंजाजीबाबांकडे आलो. आमचे पेटीवाले. हात थरथरतात म्हणून यंदापासून घरीच असतात, म्हणून तर तो पेनड्राइव्ह. म्हटलं, बाबा, सावकाश वाजवा, तेवढी गिरकी बसवून द्या. ते खुश झाले, पेटी अंगणात आणली. मी खाटेचा दोर धरून वाकलो. तिसऱ्या कडव्याला त्यांनी नेहमीच्या दोन मात्रा जास्तीच्या वाजवल्या.

"बाबा, त्या नको आता. उजवीकडं वळाचं हाये."

पेटी थांबली. "उजवीकडं? त्या पायानं?"

मग तेच म्हणाले, "तुले मालूम नाही? तुह्या अपघातानंतर माया आली होती माह्याकडं. म्हणे, बाबा, उजव्या गिरकीत याईचा सारा भार सळईच्या पायावर येते. रातभर कण्हतात, पण कबूल करत नाहीत. मी डावीकडं वळत जाईन, तिकडून घुमाले येळ लागते, तुमी दोन मात्रा वाढवा. अन् कोणाले सांगू नका. मायाले समजत नाही असंच म्हणू द्या लोकाईले."

लोकांना! लोक कुठे म्हणत होते? मीच म्हणत होतो. दर कार्यक्रमात, सगळ्यांना हसवायला. आणि ती पाठ माझ्याकडे करून माझा पाय सांभाळत होती.

पुंजाजीबाबा उठ म्हणाले. मला उठता येईना. मी तसाच वाकून राहिलो.

१९ जानेवारी

सूर्यभानभाऊंना फोन केला. मागची बाजू अमोलला द्या म्हटलं. मी उजवीकडे वळणार नाही.

पिंकीला निरोप दिला — मुंडक्यातली एक टिकली माझ्यासाठी काढून ठेव. बाकीच्या राहू दे.