तेजस्वीची मुलाखत आणि गाऱ्हाणं

ती. विमलाताईस,

मालवणहून जितेंद्रचा साष्टांग नमस्कार. तुझी कंबर आता कशी आहे? भाओजींचा खोकला थांबला का? (फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून पत्र.) आम्ही तिघं खुशाल आहोत, तेजस्वी जरा जास्तच.

पोरगी गावात राहून नुसती माडांखाली हिंडत राहील, तिला ठाण्याला माझ्याकडे पाठव, असं तू म्हणालीस आणि मी हो म्हटलं. शाळेची मुलाखतही तूच ठरवलीस, व्हिडिओवर. आमच्याकडे रेंज फक्त दारापुढच्या खळ्यात येते, म्हणून तुळशीसमोर खुर्ची मांडली. रश्मीने लेकीला नवे बूट घातले (ते फोनमध्ये दिसणार नव्हते, हे नंतर कळलं) आणि बजावलं, मोठ्या बाई बोलतील तेव्हा हात जोडून ऐक आणि हो म्हण.

इथेच घोळ झाला. हात जोडून ऐकायचं आणि हो म्हणायचं, हे आमच्या पोरीने आजवर एकाच ठिकाणी पाहिलंय, देवळात. तिथे गावकार देवाला गाऱ्हाणं घालतात आणि एकेका मागणीला सगळा गाव ओरडून होकार देतो. मुख्याध्यापिका म्हणाल्या, आमच्या शाळेत शिस्त महत्त्वाची. तेजस्वी गरजली, "व्हय म्हाराजा!" बाई दचकल्या, पण पुढे म्हणाल्या, पालकांचं सहकार्य हवं. "व्हय म्हाराजा!" या वेळी माडावर चढलेला शेजारचा बाबूही वरून ओरडला. (त्याचा दोष नाही, सवय आहे.) तिसऱ्या वाक्याला मीही ओरडलो, ताई. तोंडातून गेलंच.

शेवटी बाईंनी विचारलं, बाळ, तुला काही सांगायचंय? तेजस्वीने डोळे मिटले. "बा देवा म्हाराजा, ह्या बाईंचो घसो बोलान बोलान सुकलो. तेंका चाय मिळांदे रे म्हाराजा!" आम्ही तिघांनी आणि माडाने होकार दिला. बाईंनी फोन बंद केला. रश्मी दिवसभर माझ्याशी बोलली नाही, आणि मी मात्र कितीतरी दिवसांनी पोटभर जेवलो.

वडीलधाऱ्यांना नमस्कार.

तुझा,
जितेंद्र

ता. क. प्रवेश मिळाला. बाईंनी कळवलंय, त्यांचं बोलणं इतकं मन लावून आजवर कोणी ऐकलं नव्हतं. तेव्हापासून मला जेवण जात नाही.

ता. क. दुसरा. ताई, पोर गेली तर हे खळं मला खायला उठेल. शाळेला नकार तूच कळव. तुला नाही म्हणणं मला जमत नाही. कळायला लागल्यापासून तुझ्या प्रत्येक वाक्याला मी व्हय म्हाराजाच म्हणत आलोय. या वेळी एकदा तू म्हण.