ऑर्टन फॉल्सचा किकर

बेलव्ह्यू, १४ सप्टेंबर २०२५

ती. विनयकाकांस,
आसावरीचा सा. न. वि. वि.

पत्रच लिहितेय, कारण ईमेल तुम्ही उघडत नाही आणि फोनवर विषय बदलता. कॅनडातल्या ऑर्टन फॉल्सच्या लायब्ररीतून डायान नावाच्या बाईंचा मला मेसेज आला. तिथे हेरॉन्स नावाची फुटबॉल टीम होती, हेल्मेट घालून, चेंडू हातात घेऊन पळतात तो फुटबॉल. दिवसा पेपर मिलमध्ये काम करायचं आणि शुक्रवारी संध्याकाळी थोड्याशा मानधनावर खेळायचं. १९७८मध्ये ती बंद पडली. डायान आता तिचा इतिहास लिहिताहेत. टीमच्या फोटोत हेल्मेट काखेत धरलेला एक मिशीवाला आहे, खाली नाव व्ही. राजवाडे. आडनाव शोधत त्या माझ्यापर्यंत पोचल्या. मिशी तुमचीच ना? आम्हाला तर तुम्ही एवढंच सांगितलंत, की तिथे दोन वर्षं कागद बनवला.

हयात असलेले सहा खेळाडू अकरा ऑक्टोबरला भेटणार आहेत. तुम्ही जाच. सुवर्णाकाकूंना नमस्कार. रागावलात तरी उत्तर पाठवा.

तुमची पुतणी,
आसावरी

डब्लिन (ओहायो), २२ सप्टेंबर २०२५

चि. आसावरीस अनेक आशीर्वाद.

मिशी माझीच. जेवणाच्या सुट्टीत मी मिलच्या अंगणात चेंडू लाथाडायचो, नागपूरची सवय. आमचा फोरमन गॉर्ड हेरॉन्सचा कॅप्टन होता. त्याने पाहिलं आणि मला थेट मैदानावर नेलं. माझं काम फक्त किक मारण्याचं. कॅनडाच्या खेळात एक गंमत आहे. किक खांबांच्या बाहेरून गेली, पण चेंडू शेवटच्या पट्ट्यातून समोरच्यांना बाहेर आणता आला नाही, तर एक गुण मिळतो.

१९७८च्या फायनलच्याच दिवशी मला ओहायोतल्या कोलंबसला एका कंपनीने इंटरव्ह्यूला बोलावलं. गॉर्डला खरं सांगायचं धैर्य झालं नाही. ताप आलाय असं कळवलं आणि पहाटेची बस धरली. हेरॉन्स एका गुणाने हरले. म्हणजे माझी चुकलेली किकसुद्धा बरोबरी करून गेली असती. त्या हिवाळ्यात टीम मोडली. मी ओहायोला आलो आणि गॉर्डला एक ओळही लिहिली नाही. टीम माझ्यामुळे बुडाली, असं सत्तेचाळीस वर्षं वाटत आलंय. कोणत्या तोंडाने जाऊ? सुवर्णा म्हणते, आहे त्याच तोंडाने जा. पण माझा विचार नाही.

तब्येतीला जप. माया आहेच, ती लिहून काय वाढायची.

विनयकाका

डब्लिन, १५ ऑक्टोबर २०२५

चि. आसावरीस आशीर्वाद.

गेलो. सुवर्णाने गाडीत बॅग आधीच ठेवली होती. वाटेत दोनदा मी परत फिरूया म्हणालो, दोन्ही वेळा तिने कॉफी पाजली.

हॉलच्या दारात गॉर्ड काठी टेकून उभा होता. वय एक्क्याऐंशी. माझा हात हातात घेऊन त्याने पहिला प्रश्न विचारला, ताप उतरला का.

 त्याने मला खुर्चीत बसवलं आणि सांगितलं, की मैदानाची जागा मिलने गोदामासाठी घेतली होती. टीम बंद करायची हे ऑगस्टमध्येच ठरलं होतं. फायनल जिंकलो असतो तरी पुढचा मोसम नव्हताच. पोरं मन लावून खेळावीत म्हणून त्याने ते कुणाला सांगितलं नव्हतं. बाकीचे पाचजण हसत होते. त्यांच्या लेखी मी दोषातून कधीचाच सुटलेला होतो. सुवर्णाच्या बाकरवड्या त्यांनी दहा मिनिटांत संपवल्या. दिवाळीला गॉर्ड आपल्याकडे येतोय, तूही ये.

निघताना मी विचारलं, ताप खोटा हे तुला कळलं कसं. तो म्हणाला, तुझ्या कंपनीने आदल्या दिवशी मिलमध्ये चौकशीचा फोन केला, तो मीच उचलला. इतकी वर्षं मला वाटायचं, नोकरी मी इंटरव्ह्यूत मिळवली. सुवर्णाने विचारलं, तुम्ही काय सांगितलंत. गॉर्ड म्हणाला, खरं तेच सांगितलं, की ह्या माणसाने दोन वर्षांत एकदाही खाडा केलेला नाही.

आणि दुसऱ्याच दिवशी मी केला.

वाट पाहतो आहोत, लवकर तिकीट काढ.

तुझा,
विनयकाका