आजाऱ्यांच्या यादीत दुसरा

आदरणीय ताईस,

धाकट्या भावाचा ख्रिस्तामध्ये सलाम. दाजींनाही सांग. तुझा गुडघा कसा आहे, दाजींचा खोकला गेला का, आणि माझं अक्षर पाहून दोघांपैकी कुणाला चक्कर तर आली नाही ना, ते कळव. चौदा महिन्यांनी लिहितोय. (आईच्या अंत्यविधीनंतर तिचं प्रार्थनेचं पुस्तक कुणालाही न विचारता तुझ्या पिशवीत गेलं, तेव्हापासून. पण तो विषय मी आज काढणार नाही.) इकडे सगळं ठीक आहे, म्हणजे निदान मला तसं सांगण्यात येतं.

तीन रविवारांपूर्वीची गोष्ट. बिशपांसाठी आणि राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना झाली की आपल्याकडे आजाऱ्यांची नावं वाचतात, हे तुला माहीतच आहे. मी डोळे मिटून बसलो होतो (एकच, दुसरा मी उपासनेत पूर्ण मिटत नाही, चाळीस वर्षं दुकानदारांचे तराजू तपासल्यावर ती सवय जात नाही), तोच चौथं नाव आलं ते माझं. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. त्या सकाळी मी तीन अंडी खाऊन, चर्चपर्यंत चालत आलो होतो. इकडेतिकडे पाहिलं, तर एकानेही मान वर केली नाही. सगळ्यांचे डोळे गच्च मिटलेले, जरा जास्तच गच्च. म्हणजे मला सोडून सगळ्या मंडळीला माहीत होतं.

घरी आल्यावर बायकोला विचारलं. ती म्हणाली, प्रार्थनाच केलीय ना, शाप तर नाही दिला. पण हे म्हणताना ती तिच्या कपातली साखर ढवळत होती, आणि ती साखर घेतच नाही. माझ्या मनात पाल चुकचुकली. सोमवारी डॉक्टरांकडे गेलो (हेच ते, गायकवृंदात मागच्या रांगेत उभे राहून घोगऱ्या आवाजात गाणारे). त्यांनी छाती तपासली, रक्त काढलं, जीभ पाहिली आणि तब्येत ठणठणीत असल्याचं सांगितलं. मी विचारलं, मग रविवारी माझ्या नावाला तुम्ही आमेन का म्हणालात? तर म्हणे, मी सगळ्यांच्याच नावाला म्हणतो. ताई, एवढ्या गोड आवाजात ते कधी गातसुद्धा नाहीत.

पुढच्या रविवारी माझं नाव चौथ्यावरून दुसऱ्यावर आलं. पहिल्या नंबरावर आपले जुने ऑर्गनवाले, ज्यांची नव्वदी उलटली आहे आणि जे आता स्वतःच्या मुलीलाही ओळखत नाहीत. त्यांच्या पाठोपाठ मी. माझं धाबंच दणाणलं. प्रभुभोजनासाठी वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकले, तर तिथे माझ्यापुरती नवी उशी. पाळकांनी द्राक्षारसाचा प्याला इतरांपुढे दोन सेकंद धरला आणि माझ्यापुढे पाच. (मी मोजतो.) एकमेकांना शांती देताना लोक एरवी बोटांची टोकं पुढे करतात, त्या दिवशी जो तो माझा हात दोन्ही हातांत धरून उभा. उपासनेतल्या गीतांचे क्रमांक भिंतीवरच्या फळीवर मी एकवीस वर्षं लावतोय, पण त्यासाठी लागणारी शिडी कुणीतरी कुलपात ठेवली. बुधवारी महिला मंडळाकडून सूप आलं. भांडं परत द्यायची घाई नाही, असा निरोपही होता, आणि त्याचा काय अर्थ घ्यायचा ते तूच सांग.

खरं सांगतो, मी घाबरलो. झोपताना श्वास मोजायला लागलो. कपाट आवरलं. काही लोकांना मनातल्या मनात क्षमासुद्धा केली (तुझं नाव यादीत होतं, पण तिथपर्यंत पोचायच्या आधी झोप लागली).

शेवटी शनिवारी दुपारी चर्चमागच्या खोलीत गेलो. पाळकांचे झगे टांगतात त्याच भिंतीला आजाऱ्यांच्या नावांची वही लटकवलेली असते, पेन्सिलीसकट. माझं जुनं भिंग काढून मी अक्षर ताडून बघत होतो. बायकोचं नाही, डॉक्टरांचं तर नाहीच, कारण वाचता येत होतं. तेवढ्यात पाळक आत आले. (नवे आहेत, येऊन सहाच महिने झाले. तरुण आहेत, पण चालताना पावलांचा आवाज होत नाही, हे मला पहिल्यापासूनच खटकलं होतं.) अक्षर त्यांचंच होतं. ते टेबलाशी गेले आणि त्यांनी खणातून तुझं पत्र काढलं.

ताई, तू चारच ओळी लिहिल्या होत्यास. माझा धाकटा भाऊ बरा नाही. चौदा महिने माझ्याशी बोलला नाही. मला त्याची काळजी वाटते. त्याच्यासाठी प्रार्थना करा.

मी म्हटलं, याला आजार म्हणतात का? ते म्हणाले, "रुसलेल्यांची यादी आपल्याकडे नाही. मग कुठे घालणार होतो?" आणि दुसरा नंबर? तर माझ्या वरच्या दोघी बऱ्या होऊन घरी गेल्या म्हणून. मंडळीला काहीच ठाऊक नव्हतं, नाव ऐकलं आणि त्यांनी जमेल तशी माया केली, एवढंच. मला आधी तुझा भयंकर राग आला. मग तिथेच, झग्यांच्या मध्ये उभा राहून, या वयात, रडू आलं. पाळकांनी पाठ फिरवून मेणबत्त्या मोजायला घेतल्या. (चारच होत्या, पण बराच वेळ मोजत होते.)

तब्येतीला जप.

तुझा ठणठणीत भाऊ

ता.क. बायकोचा यात हात असावा असा मला दाट संशय आहे. तुझ्या पत्राचं, चर्चचा पत्ता लिहिलेलं पाकीट आमच्या घरातल्या पाकिटांसारखंच आहे.

ता.क. दुसरा. वहीत माझ्या खाली तुझंही नाव लिहून आलोय. कारण: गुडघा. आता मंडळी काय समजायचं ते समजेल.

ता.क. तिसरा. आईचं पुस्तक पोस्टाने पाठवू नकोस, वाटेत गहाळ होतं. स्वतः घेऊन ये. पाळकांनी विचारलं, नाव आता काढायचं का? मी म्हटलं, ताई येईपर्यंत राहू द्या. फक्त दुसऱ्या नंबरावर नको, पाचवा चालेल.